दोन शेतांमधली जागा

गेल्या दिवाळीला आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकाने अंक काढला आणि त्यातले शब्दकोडे रचायचे काम माझ्या गळ्यात पडले. ‘तुम्ही रोज सोडवता, मग एक रचायला काय हरकत आहे?’ एवढाच संपादकांचा युक्तिवाद. मी भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षे भूकरमापक होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली तरी गावात मला अजून ‘मोजणीदार’च म्हणतात. मोजणीदाराने कोडे रचले तर त्यात बांध यायचाच. उभे सात: ‘दोन शेतांमधली जागा’, अक्षरे दोन.

बत्तीस उत्तरपत्रे आली. तेवीस जणांनी ‘बांध’ लिहिले. चौघांनी ‘धुरा’. तिघांनी ‘मेर’. एकाने ‘वाट’. आणि एकाने ‘वैर’.

चूक माझी होती. तो शब्द मी कोपऱ्यात बसवला होता, चहूबाजूंनी काळी घरे, त्याला छेदणारा एकही आडवा शब्द नाही. नवशिक्याचे काम. आडवा शब्द छेदून गेला असता तर उत्तर एकच उरले असते. इथे ज्याच्या गावात जो शब्द, तो त्याने लिहिला. ‘धुरा’वाले विदर्भातून नोकरीसाठी इकडे आलेले. माझी सूनही यवतमाळची. तिने अंक हातात घेतला, उभे सात वाचले आणि मान वर न करता म्हणाली, ‘बाबा, हे तर धुराच आहे.’ ‘मेर’ लिहिणारे तिघेही मूळचे तळकोकणातले. तिकडे भाताच्या दोन कुणग्यांमधल्या, पाय ठेवायला जेमतेम पुरेल एवढ्या मातीच्या कडेला मेर म्हणतात. चूक कोणाची म्हणायची?

संपादकांना बक्षिसाची काळजी. रक्कम एक्कावन्न रुपये, पण द्यायची कोणाला? मी त्यांना म्हटले, घाबरू नका, या प्रश्नापायी माणसे सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली आहेत. ही थट्टा नव्हती. स्वातंत्र्यानंतरच्या काळात बक्षिसांची शब्दकोडी हा मोठा धंदा होता. बंगळुरूहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून चमारबागवाला यांची कोडी मुंबई राज्यभर खपत. कूपन भरायचे, प्रवेश फी पाठवायची आणि वाट पाहायची. मुंबई सरकारने कर लावला, त्यावर खटला झाला. १९५५ मध्ये केंद्राने कायदा करून महिन्याला एक हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षिसे असलेल्या अशा स्पर्धांवर बंदी घातली, त्यालाही आव्हान दिले गेले. ९ एप्रिल १९५७ रोजी सुप्रीम कोर्टाने दोन्ही प्रकरणांचा निकाल दिला. सार असे की ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून नाही ती जुगार, आणि जुगार हा व्यापार नव्हे. एका सूचनेला दोन-तीन शब्द सारखेच बसतात आणि आयोजकाच्या पाकिटात कोणता आहे हे सोडवणाऱ्याने ओळखायचे, यात अक्कल किती आणि नशीब किती? माझे उभे सात त्याच जातीचे निघाले.

संपादक हसले, पण प्रश्न तसाच राहिला. मी जुन्या वह्या काढून बसलो. नोकरीत असताना ज्या ज्या गावी मोजणीला गेलो तिथले मधल्या जागांचे शब्द टिपून ठेवायची मला सवय होती. दोन घरांमधली सांद. दोन आळ्यांमधला बोळ. दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जाणारी पाणंद. दोन डोंगरांमधली खिंड. उसाच्या दोन सऱ्यांमधला वरंबा. बाहेरच्या ओसरीच्या आणि आतल्या स्वयंपाकघराच्या मधले माजघर. देवळात सभामंडप आणि गाभारा यांच्या मधले अंतराळ. आणि या सगळ्यांची थोरली बहीण म्हणजे शीव.

शीव म्हणजे संस्कृतातली सीमा. ग्रामचे गाव झाले, नामचे नाव झाले, तशीच सीमेची शीव झाली. ‘म’चा ‘व’ होताना काही तरी बदलले असे मला नेहमी वाटते. सीमा ही रेघ आहे. शीव ही जागा आहे. शिवेवर म्हसोबा बसतो, शिवेवर मरीआईचे ठाणे असते, शिवेवर नारळ फुटतो. रेघेवर यातले काहीच मावणार नाही. गावाबाहेरून येणाऱ्या वऱ्हाडाला थोपवून त्याचे स्वागत करायचे ते शिवेवर, म्हणून तो विधी सीमांतपूजन. आता तो मंगल कार्यालयात आदल्या संध्याकाळी वातानुकूलित खोलीत उरकतात, आणि शीव कुठेच नसल्यामुळे लोकांना शब्दही कळेनासा झाला आहे. निमंत्रणपत्रिकांवर ‘श्रीमंतपूजन’ छापलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका अर्थी हल्लीच्या लग्नांना ते शोभूनही दिसते. दसऱ्याचे शिलंगणही तसेच. मूळ शब्द सीमोल्लंघन. गावाची शीव ओलांडायची, आपट्याची पाने घेऊन परत यायचे. मराठा फौजांची मोहीम पावसाळ्यानंतर याच दिवसापासून निघायची. शीव ओलांडणे हे एवढे मोठे काम होते की त्याला मुहूर्त लागे.

मुंबईकर तर रोज शीव ओलांडतात आणि त्यांना पत्ता नसतो. मध्य रेल्वेवरचे सायन म्हणजे शीव. मुंबई बेटाचे उत्तरेचे टोक तिथे संपे. पलीकडे खाडी आणि खाडीपलीकडे साष्टी. १६६१ च्या लग्नाच्या तहाने मुंबई इंग्रजांकडे गेली, पण साष्टी पोर्तुगिजांकडेच राहिली. म्हणून सतराव्या शतकात इंग्रजांनी शीवच्या टेकडीवर किल्ला बांधला. अवशेष अजून उभे आहेत. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांच्या मोहिमेत साष्टी आणि वसई मराठ्यांच्या ताब्यात आली आणि शीवच्या किल्ल्यासमोर पोर्तुगिजांच्या जागी मराठे दिसू लागले. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले, १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडे कायम झाली, आणि शीव ही शीव राहिली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गव्हर्नर डंकन यांच्या कारकिर्दीत खाडीवर बांधाचा रस्ता झाला. दोन राज्यांच्या मधली जागा एका शहराच्या पोटात गेली. नाव तेवढे उरले, तेही इंग्रजी वळणाने. रुळलेल्या नावापेक्षा जुने नाव बरे असे मला सहसा वाटत नाही, पण सायनच्या बाबतीत वाटते.

शिवेचा तंटा हा आपल्याकडचा बहुधा सर्वांत जुना तंटा. जुन्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाच्या चारही बाजूंना काय काय आहे ते लिहिलेले असते, ‘चतुराघाटनोपलक्षित’ असा भारदस्त शब्द वापरून. आमच्या दस्तांतली चतुःसीमा म्हणजे त्याचीच नातवंड. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शिवेच्या खुणांची यादी आहे. वर दिसणाऱ्या खुणा म्हणून वड, पिंपळ, पळस, सावर यांसारखी झाडे लावावीत. शिवेबाबत माणसांचा नेहमी घोळ होतो म्हणून जमिनीखालीही खुणा पुराव्यात: दगड, हाडे, खापऱ्या, राख, कोळसा, विटा, वाळू. या ग्रंथातल्या पुष्कळ गोष्टी जाळण्याजोग्या ठरल्या आणि २५ डिसेंबर १९२७ ला महाडला तो जाळलाही गेला, ते योग्यच झाले. पण ही यादी ज्याने केली त्याने शेतात उभे राहून मोजणी पाहिलेली होती, याबद्दल माझी खात्री आहे. कोळसा कुजत नाही. मी स्वतः पहारीने खणून हद्दीचा दगड शोधलेला आहे. चार माणसे चार ठिकाणी बोट दाखवत असतात आणि पहार एकदम ‘टण्’ वाजते. त्या आवाजानंतर कोणी बोलत नाही.

मराठेशाहीत शिवेचा वाद गोतसभेपुढे जाई, निवाड्याचा महजर लिहिला जाई. कागद आणि साक्षी यांनी भागले नाही तर दिव्य. शपथ घेऊन एकाने शीव चालून दाखवायची आणि तो ज्या वाटेने चालला ती शीव. या कामात गावच्या महाराचा शब्द मोठा मानत. शिवेचे रक्षण त्याच्याकडे, वाटसरूला पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचे त्याच्याकडे, वेशीचा पहारा वेसकर म्हणून त्याच्याकडे. गावाची जमीन कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे सर्वांत नेमके ज्याला माहीत, त्याचे घर मात्र वेशीबाहेर. मधल्या जागांविषयी मी हौसेने बोलतो तेव्हा हे विसरता येत नाही. शीव राखायचे काम वतन म्हणून गळ्यात बांधले होते आणि त्याच्या मोबदल्यात गावाची वेठ होती. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या सुधारणेचे बिल आणले. ती कनिष्ठ वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

माणसाच्या पायांनी चाललेली ही शीव कागदावर रेघ म्हणून कधी उतरली? आमच्या खात्याची गोष्ट इथे सुरू होते. पेशवाई गेल्यावर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात पहिली मोजणी केली. ती फसली. आकारणी डोईजड झाली, रयत गावे सोडून जाऊ लागली. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने आरंभ केला. १८४७ च्या त्यांच्या संयुक्त अहवालातली पद्धत पुढे मुंबई इलाख्यात रुळली. जमिनीचे नंबर पाडायचे, एका बैलजोडीने कसता येईल एवढा साधारण एक नंबर, आणि सारा तीस वर्षांसाठी कायम. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आज पुण्याच्या दलालाच्या तोंडी जो गुंठा आहे तो या साखळीचा चौरस.

मी १९७०च्या दशकाच्या शेवटी नोकरीला लागलो तेव्हा आम्ही जुन्या टिपणावरूनच मोजणी शिकलो. टिपण म्हणजे मूळ मोजणी करणाऱ्याने शेतात उभे राहून हाताने काढलेली आकृती. आकाराला प्रमाण नाही, पण प्रत्येक बाजूवर साखळी-आणे लिहिलेले. काही टिपणांच्या कडेला विहीर काढलेली असते, झाड काढलेले असते. दीडशे वर्षांपूर्वी कोणा अनामिक कारकुनाने काढलेले ते चिमुकले आंब्याचे झाड पाहून मी कितीदा तरी थबकलो आहे. बहुतेक वेळा आंबा गेलेला असे, विहीर असे.

लोक येत ते मात्र गावचा नकाशा घेऊन. त्यावर बोट ठेवून म्हणत, साहेब, ही बघा रेघ, ही माझ्या बाजूला आहे. त्यांना मी एक हिशोब सांगत असे, तो इथेही सांगतो. गाव नकाशाचे प्रमाण एक इंचाला वीस साखळ्या. म्हणजे कागदावरचा एक इंच जमिनीवर ६६० फूट. कागदावरची रेघ समजा पाव मिलिमीटर जाडीची आहे. जमिनीवर ती जवळजवळ दोन मीटर होते. एखादी बैलगाडी त्या रेघेतून जाईल. भांडण तर दीड फुटाचे असते. ज्या रेघेवर बोट ठेवून दोघे भांडतात त्या रेघेच्या आतच अख्खे भांडण मावते. म्हणूनच हद्द गाव नकाशावरून ठरवत नाहीत, टिपणावरून ठरवतात.

कायद्यालाही हे ठाऊक होते. हद्दीच्या नियमांत नंबराच्या कडेने बांधाची पट्टी राखायची, ती नांगरायची नाही, असे धरलेलेच आहे. बांध म्हणजे नुसती मातीची ओळ नव्हती. त्यावर गवत, गवतावर जनावर. बाभळ, बोर, लिंब. पेरणीच्या दिवसांत दुपारच्या भाकरीला बसायचे ते बांधावर, दोन्हीकडची माणसे मिळून. शेजारच्या शेतकऱ्याला आमच्याकडे बांधकरी म्हणतात. शेजारी हा घराचा, बांधकरी हा शेताचा. कायद्यातले १४३ कलम तर मला सगळ्या महसूल अधिनियमातले सर्वांत शहाणे कलम वाटते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातले हे कलम सांगते की ज्याला आपल्या शेताकडे जायला वाट नाही त्याला दुसऱ्यांच्या नंबरांच्या हद्दीवरून जाण्याचा हक्क तहसीलदाराला ठरवून देता येतो. हद्द ही अडवण्यासाठी आहे असे समजणाऱ्यांनी ते एकदा वाचावे.

मग बांध गेले कुठे? नांगराखाली. वाटण्या झाल्या, पोटहिस्से पडले, एका नंबराचे सात तुकडे झाले. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आला, एकत्रीकरण झाले, गट नंबर आले, तरी तुकडे पडायचे थांबले नाहीत. वीस गुंठ्यांच्या तुकड्याला चारही बाजूंनी बांध सोडायचा म्हणजे पोटाला चिमटा. बैलाचा नांगर होता तोवर वर्षाला चार बोटे जात. त्याला ‘बांध कोरणे’ म्हणतात, आणि हा शब्द मी पंचनाम्यांत जितक्या वेळा लिहिला तितक्या वेळा दुसरा कुठलाही लिहिला नसेल. ट्रॅक्टर आल्यावर फाळ एका हंगामात हातभर आत येऊ लागला. बांधावरची बाभळ पडली की समजायचे, पुढच्या वर्षी मोजणीचा अर्ज येणार. तेव्हा साधी, तातडीची, अतितातडीची, आता नियमित किंवा द्रुतगती, फी भरावी तशी. माझ्या वेळी प्लेन टेबल होते, नंतर ईटीएस मशीन आले, आता रोव्हर फिरतो आणि आकाशातल्या उपग्रहांवरून सेंटिमीटरमध्ये हद्द सांगतो. तरुण सहकाऱ्यांचे काम माझ्यापेक्षा अचूक आहे, यात वाद नाही. पण अचूक रेघेला रुंदी नसते, आणि बांधाला होती. दोघांनी मिळून सोडलेली ती दोन हात जागा संपली तेव्हा दोन्ही फाळ एकमेकांना भिडले.

बेळगाव, निपाणी, कारवारच्या सीमावादातही आमच्या मोजणीदारांची रेघ आहे, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्राची मागणी, दुसऱ्या राज्यांच्या सीमेसाठी पूर्वी झालेल्या पाटसकर निवाड्यातल्या तत्त्वाप्रमाणे खेडे हा घटक धरावा अशी आहे. म्हणजे उद्या तसे झाले तर दोन राज्यांची सीमा गावांच्या शिवांवरूनच जाईल, साखळी ओढून आखलेल्या शिवांवरून. तोवर त्या प्रदेशाला आपण ‘सीमाभाग’ म्हणतो. सीमा असूनही भाग, रेघ असूनही जागा, आणि तिथे माणसे राहतात.

तर उभे सात. आठवडाभर विचार करून मी संपादकांना निकाल कळवला. बांध बरोबर. धुरा बरोबर, मेर बरोबर. कोडे मराठीत आहे आणि मराठी फक्त आमच्या तालुक्याची नाही. ‘वाट’ही बरोबर धरली, कलम १४३ प्रमाणे. संपादकांनी ते कलम खरोखर उघडून पाहिले, मगच मानले. एकतीस जणांत चिठ्ठी टाकून बक्षीस दिले, म्हणजे शेवटी नशिबावरच गेले. एक्कावन्न रुपये असल्यामुळे कोणी कोर्टात गेले नाही.

‘वैर’ तेवढे बाद केले. ते लिहिणाऱ्याला मी ओळखतो. नोकरीत असताना त्याच्या बांधाची मोजणी मी दोनदा केली होती, दोन्ही वेळा दगड एकाच ठिकाणी निघाला, दोन्ही वेळा त्याने आणि त्याच्या चुलतभावाने जबाबावर सही करायला नकार दिला. मागच्या आठवड्यात तो घरी आला. चहा घेतला, अंक मागून घेतला, उभे सातवर बोट ठेवले.

‘मोजणीदार, तुमचं चुकलं बघा. बांध आता हाय कुठं तिथं?’

त्याचा तिसरा अर्ज पडला आहे. द्रुतगतीचा.